ऑक्सिमीटरवर 98 दिसत असताना पायाच्या जखमेत ऑक्सिजन कमी कसा, आणि त्याचा प्रतिकारशक्तीशी काय संबंध?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना बरीच वर्षं डायबेटिस आहे, अंगठ्याजवळची जखम दोन महिने भरत नाहीये, डॉक्टर म्हणाले तिथे ऑक्सिजन पोचत नाही म्हणून इन्फेक्शन हटत नाही, पण घरचा ऑक्सिमीटर तर 98 दाखवतोय. मी परळला एका लॅबमध्ये जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींवरच काम करते आणि माझ्या मामांच्या पायाचं अगदी हेच झालं होतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी तो 98. तो आकडा रक्तातल्या हिमोग्लोबिनवर किती ऑक्सिजन चढलाय एवढंच सांगतो, ते रक्त पायाच्या अंगठ्यापर्यंत किती जातंय हे त्याला कळतच नाही. बिल्डिंगच्या गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असते पण पाइप आतून गंजून चोंदलेला असला की एखाद्या फ्लॅटच्या नळाला करंगळीएवढीच धार येते ना, तसंच. टाकी भरलेली आहे, धार नाहीये.

आता पांढऱ्या पेशी. ऑक्सिजन कमी झाला की त्या बंद पडतात असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं होत नाही. हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो, शरीरात आत आत गेलं की तो उतरत जातो, बोनमॅरोमध्ये (हाडांच्या आतल्या मगजात) तर काही ठिकाणी 1-2 टक्क्यांवर येतो आणि या पेशी जन्मतातच तिथे. (आम्ही लॅबमध्ये त्यांना जवळजवळ हवेइतक्या ऑक्सिजनमध्ये वाढवतो हे मला कायम खटकतं, एवढा ऑक्सिजन त्यांना शरीरात कधीच मिळत नाही.) पेशीत हिफ नावाचं एक प्रोटीन सतत बनत असतं, ऑक्सिजन असला की लगेच मोडीत निघतं, कमी पडला की साठत जातं आणि ग्लुकोज वापरून ऑक्सिजनशिवाय एनर्जी बनवायचे जीन्स चालू करतं. पेशींना ऑक्सिजनची पातळी कळते कशी या शोधासाठीच सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना 2019 चं नोबेल मिळालं.

या पांढऱ्या पेशींपैकी जखमेवर सगळ्यात आधी धावतात त्या न्यूट्रोफिल पेशी. त्यांची एनर्जी बहुतेक ग्लुकोजवरच चालते, त्यामुळे कमी ऑक्सिजनमध्ये त्या मरत नाहीत, उलट जास्त दिवस जगतात. घोळ पुढे आहे. जंतू गिळल्यावर त्याला मारायला ही पेशी ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवते, त्यापासून पेरॉक्साइड, आणि त्यापासून आपल्या कपड्यांच्या ब्लीचच्या जातीचं एक अ‍ॅसिड. म्हणजे ऑक्सिजन हा तिथे कच्चा माल आहे. आमच्याकडे एनबीटी नावाची टेस्ट असते, पिवळसर डाय पेशींवर घालून त्यांना डिवचलं की त्या सुपरऑक्साइडमुळे निरोगी माणसाच्या न्यूट्रोफिलमध्ये गडद निळे दाणे दिसायला लागतात, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मायक्रोस्कोपवरून उठलेच नव्हते. काही मुलांमध्ये हे सुपरऑक्साइड बनवणारं एन्झाइम जन्मतःच बिघडलेलं असतं, त्यांच्या स्लाइडवर एक निळा दाणा दिसत नाही, आणि त्या मुलांना स्टॅफिलोकोकससारखे जंतू आणि बुरशीची इन्फेक्शन्स पुन्हा पुन्हा होत राहतात. इतकं ते महत्त्वाचं आहे.

तुमच्या वडिलांच्या जखमेत एन्झाइम ठीक असेल पण माल पोचत नाही. पेशी येतात, गर्दी करतात, जंतू गिळतात पण नीट मारता येत नाहीत, आणि त्यांच्या पोटातली पाचक रसायनं बाहेर सांडून आजूबाजूचा चांगला टिश्यूसुद्धा खराब होतो. त्यात शुगर वाढलेली असली तर या पेशी आणखी ढिल्या पडतात. मॅक्रोफेज नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी नव्या रक्तवाहिन्या वाढवा म्हणून सिग्नल सोडतात खऱ्या, पण वरची मोठी धमनीच चोंदलेली असेल तर खाली नवीन फाटे फुटून त्यात येणार काय?

म्हणून नुसत्या अँटिबायोटिकवर थांबू नका. मामांचे दोन महिने आमचे ड्रेसिंग बदलण्यातच गेले, पायाचा डॉपलर (धमन्यांतून रक्त किती वाहतंय हे बघणारी सोनोग्राफी) कोणी सांगितलाच नाही आणि मी या क्षेत्रात असून विचारला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. डॉपलर करून घ्या, आणि जमलं तर जखमेजवळच्या कातडीवर सेन्सर चिकटवून तिथला ऑक्सिजन मोजतात ती टेस्टही. निरोगी पायात हा आकडा (टक्के नव्हे, mmHg मध्ये) साधारण 50 च्या वर असतो, 30 च्या खाली असेल तर जखम आपणहून भरणं फार कठीण, मग व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडे त्याच आठवड्यात जा. वडील बिडी-सिगरेट ओढत असतील तर आजपासून बंद, त्याने वाहिन्या आणखी आवळतात. आणि पाय गार लागतोय म्हणून गरम पाण्यात अजिबात बुडवू देऊ नका, डायबेटिसमध्ये चटका बसलेला बऱ्याचदा कळत नाही, मामांच्या टाचेवर दुसरी जखम तशीच झाली होती.