पाण्याच्या काठावर जलतरण तलावासह क्रीडा व आरोग्य केंद्र बांधताना काय चुकतं?

रिकामा तलाव तरंगू पाहतो, हेच विसरलं जातं. भूजल तळापेक्षा १ मीटर वर असेल तर दर चौरस मीटरला १ टन उचल बसते. नुसत्या वजनाने ती पेलायला सुमारे ४२ सेंमी जाड काँक्रीट लागतं. म्हणून हिशेब पुराच्या पातळीवर करा, तळाला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह (खालचा दाब वाढला की भूजल तलावात येऊ देणारी झडप) बसवा आणि शेजारच्या निरीक्षण विहिरीतली पातळी पाहिल्याशिवाय तलाव उपसू नका.

दुसरी चूक छताची. क्लोरीनच्या दमट हवेत ३०४, ३१६ या नेहमीच्या दर्जांच्या स्टेनलेस स्टीलचे, छत पेलणारे टांगते रॉड आतून चिरतात, वरून धडच दिसतात. स्वित्झर्लंडमधल्या उस्टरला १९८५ मध्ये असंच छत कोसळून १२ जण गेले. अशा रॉडसाठी १.४५२९ दर्जाचंच (क्लोरीनला टिकणारं) स्टेनलेस स्टील घ्या, पैसे दुसरीकडे वाचवा. हॉलची हवा पाण्यापेक्षा १ अंश गरम, आर्द्रता ६० टक्क्यांखाली.