मोठी बोट नसेल तर कयाक आणि किनाऱ्यावरून मासेमारीत खरी मजा येते का, की ते नुसतं समाधान मानून घेणं? सुरुवात कशी करावी?

'समाधान मानून घेणं' हे शब्द मला लागले, म्हणून लिहायला बसलो. माझा थोरला भाऊ गेली कित्येक वर्षं मला हेच ऐकवतोय. दादाची दोन मित्रांबरोबर भागीदारीत इंजिनाची बोट आहे. माझ्याकडे एक कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी अरुंद होडी, आणि दोन रॉड.

मजा येते. किनाऱ्यालगतच्या पाण्यात तर बोटीपेक्षा जास्त येते, कारण बोट तिथं जाऊच शकत नाही.

एका पहाटेचं सांगतो. पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले, म्हणजे उधाण. खाडीच्या तोंडाशी खडकांची एक रांग आहे, ओहोटीला तिच्यावर जेमतेम गुडघाभर पाणी राहतं. ओहोटी लागून दोन तास झाले होते. तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सगळ्यात जोरात ओसरतं, जवळजवळ निम्मं या दोन तासांतच निघून जातं. त्याबरोबर खाडीतली बारकी मासळी वाहत बाहेर येते आणि जिताडा खडकाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून दबा धरून बसतो. मी कयाक हळूच त्या रांगेवरून सरकवली आणि खडकाच्या मागच्या संथ पाण्यात ल्यूर, म्हणजे नकली आमिष, टाकला. दुसऱ्याच फेकीला दणका बसला.

बोटीवर मासा दोर ओढतो. कयाकमध्ये तो तुम्हालाही ओढतो. रीळ किंचाळलं आणि कयाकचं नाक आपोआप माशाच्या दिशेला वळलं. दोनदा त्यानं पाण्याबाहेर उसळी घेऊन डोकं झटकलं, लालभडक कल्ले उघडलेले स्पष्ट दिसले. जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, ब्रेडला, म्हणजे विणलेल्या बारीक दोराला, पुढे जोडलेला टोकाचा दोर, लीडर, जाड नसता तर तिथंच तुटला असता. वीस मिनिटांनी तो कडेला आला. वल्ह्यावर मी सेंटिमीटरच्या खुणा करून ठेवल्यात, त्यावर 93 भरला. एवढा मोठा जिताडा बहुतेक मादीच असते, कारण हे मासे आधी नर असतात आणि वाढल्यावर मादी होतात. अशी अंड्यांवर येणारी मादी मी ठेवत नाही. तोंड प्रवाहाकडे करून धरली, शेपटीचा झटका बसला आणि गेली.

मग मान वर केली, तर खडक बरेच मागे राहिलेले.

ओहोटीही बाहेर ओढत होती आणि जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वाराही. डोंगराच्या आडोशाला पाणी आरशासारखं होतं, त्यालाच मी फसलो. बाहेर पांढरे फेसाळ शेंडे उठत होते. पंधरा मिनिटं जीव तोडून सरळ खाडीच्या तोंडाकडे वल्हवलं, पण शेजारचा बोया, म्हणजे नांगरलेली तरंगती खूण, मागे पडायला तयार नाही. तेव्हा आडवा वळलो, किनाऱ्याला समांतर वल्हवत प्रवाहाच्या पट्ट्यातून बाहेर पडलो आणि मग आत शिरलो. वाळूला लागलो तेव्हा तळहाताची सालं निघाली होती.

ही हकिगत दादाला सांगितली ही चूक झाली. तेव्हापासून प्रत्येक वादात त्याचं एकच, "बोट असती तर इंजिन चालू करून दहा मिनिटांत आला असतास." अरे, बोट असती तर मी त्या खडकांवर गेलोच नसतो! गुडघाभर पाण्यात तिचा पंखा कुठं फिरणार? चुकलं ते वारा न बघणं, कयाक नव्हे. आणि त्या बोटीचं म्हणाल तर कधी इंजिन उघडलेलं, कधी एका भागीदाराला सुट्टी नाही. मी भरतीचं वेळापत्रक बघतो आणि निघतो.

किनाऱ्यावरूनच सुरुवात करा. नऊ-दहा फुटी रॉड, 4000 साइजचं रीळ, वीस पौंडी ब्रेड आणि चाळीस पौंडी लीडर, एवढ्यात बरंच काही होतं. लांब फेकण्याचा हट्ट सोडा. पूर्ण ओहोटीला दोरी-गळ घरी ठेवून नुसते किनाऱ्यावरून चाला आणि वाळूतले खोलगट चर कुठं आहेत ते बघून ठेवा. भरतीत लाटा उथळावर फुटतात, चरावर फुटत नाहीत. दोन फेसाळ पट्ट्यांमधलं ते काळसर पाणी, मासा तिथं असतो, पुष्कळदा अगदी पायाशी.

कयाक घ्याल तेव्हा वर बसायची, आपोआप पाणी निचरणारी घ्या. सामान धरून वजन तिच्या क्षमतेच्या दोन तृतीयांशापुढं नेऊ नका. उथळ पाण्यात मुद्दाम उलटवून परत चढायचा सराव करा, दहा वेळा तरी.

हे आधीच लिहायला हवं होतं: लाइफ जॅकेट अंगात घातलेलं हवं, मागे बांधलेलं नव्हे. वल्ह्याला दोरी, फोन जलरोधक पिशवीत आणि कधी परतणार ते किनाऱ्यावरच्या कुणाला तरी सांगून जा. वारा जमिनीकडून येत असेल तर नवख्याने पाण्यात उतरूच नये, पाणी कितीही शांत दिसो. शेवाळलेल्या खडकांवर उभं राहून समुद्राकडे पाठ करू नका. आणि हो, खोल समुद्रातले मोठे मासे हवे असतील तर बोटच लागेल, तिथं दादाचं बरोबर आहे. पण तुम्ही ते विचारलेलंच नाही.