पानावर न दिसणारा मजकूर कॉपी केल्यावर कुठून उगवतो?

तुम्ही लिहिलंय की बातमीच्या साइटवरून दोन परिच्छेद कॉपी करून वर्डमध्ये टाकले, तर मध्येच ‘नवीन टॅबमध्ये उघडेल’, ‘मजकूर जाहिरातीखाली सुरू’ असले शब्द आले आणि शेवटी साइटची लिंकही चिकटली. यातलं काहीच पानावर दिसत नव्हतं, म्हणून व्हायरसची शंका. व्हायरस नाही, निश्चिंत राहा. वेबसाइट बनवणं हा माझा धंदा आहे, आणि असे न दिसणारे शब्द मी स्वतः पानात घालतो, तेही मुद्दाम.

घालतो ते दृष्टिहीन वाचकांसाठी. एखाद्या लिंकशेजारी छोटा बाण असला की डोळसांना कळतं, ही नव्या टॅबमध्ये उघडणार. पण जो माणूस कॉम्प्युटरवर एनव्हीडीए किंवा मोबाइलवर टॉकबॅक असा स्क्रीन रीडर, म्हणजे पान वाचून दाखवणारा प्रोग्राम, लावून पान ऐकतोय, त्याला बाणाचा काय उपयोग? त्याच्यासाठी तीच गोष्ट शब्दांत लिहावी लागते. मग ते शब्द एक पिक्सेल लांबी-रुंदीच्या चौकटीत कोंबून टाकतात. नाटकातल्या प्रॉम्प्टरसारखं आहे हे. ज्याला ऐकू जायला हवं त्याला जातं, बाकीच्यांना पत्ता नसतो. ही युक्ती इतकी रुळलेली आहे की बूटस्ट्रॅप नावाच्या लोकप्रिय साधनात ती तयारच मिळते. सरकारी साइटवर तर पहिलीच लिंक ‘मुख्य मजकुराकडे जा’ अशी असते. सरकारी वेबसाइटसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ साली आली, त्यातही हा आग्रह आहे. बऱ्याच साइटवर ती एरवी लपलेली असते. पान उघडल्या उघडल्या टॅबची कळ दाबलीत तर वर कोपऱ्यात ती प्रकट होईल.

आता ते शब्द तुमच्या वर्डमध्ये का आले? पानावरची गोष्ट लपवायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत ब्राउझरला सांगायचं की हा तुकडा मांडूच नकोस. असा तुकडा साधारणपणे कॉपीत येत नाही, पण तो स्क्रीन रीडरही वाचत नाही, म्हणजे आमच्या कामाचा नाही. म्हणून दुसरी तऱ्हा: तुकडा मांडायचा, पण इवलासा करून, किंवा स्क्रीनच्या हद्दीबाहेर ढकलून. ब्राउझरच्या लेखी तो पानावर हजर असतो. आणि माउस ओढताना आपल्याला वाटतं की दिसतोय तेवढा चौकोन आपण उचलला. प्रत्यक्षात पानाच्या कोडमध्ये सुरुवातीच्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत ओळीनं जे जे आहे, ते सगळं निवडलं जातं. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलेलंही त्यातच आलं. (हा पांढरा प्रकार हल्ली भलत्याच कामाला लागलाय. २०२५ च्या जुलैमध्ये जपानच्या निक्केईनं बातमी दिली होती, की काही संशोधन-लेखांत न दिसणाऱ्या अक्षरांत ‘फक्त चांगला अभिप्राय दे’ अशा सूचना दडवलेल्या सापडल्या. परीक्षकांनी लेख एआयच्या हवाली केला, तर एआयनं वाचाव्यात म्हणून!)

स्वतः बघायचं असेल तर विकिपीडियावर गणिताचं किंवा भौतिकीचं एखादं पान उघडा आणि सूत्रासकट ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. स्क्रीनवर सुबक सूत्र असतं आणि नोटपॅडमध्ये एकेक अक्षर सुटं पडतं, मागून महिरपी कंसात ‘डिस्प्लेस्टाइल’ वगैरे मंत्र येतो. कारण तुम्हाला दिसतं ते सूत्राचं चित्र असतं, आणि त्याच्या पोटात ऐकणाऱ्यांसाठी तेच सूत्र मजकुराच्या रूपात ठेवलेलं असतं. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात हा मंत्र जसाच्या तसा छापलेला मी पाहिलाय.

शेवटी चिकटलेल्या लिंकची गोष्ट मात्र वेगळी. ती पानात लपलेली नव्हतीच. तुम्ही कॉपी करता त्या क्षणी पानावरची स्क्रिप्ट, म्हणजे पानातला छोटा प्रोग्राम, जागी होते आणि क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं तात्पुरतं साठतं त्या जागी) जाणारा मजकूर बदलू शकते. ‘अधिक वाचा’ आणि लिंक ही तिचीच भर. मला हे अजिबात आवडत नाही. कुणी ग्राहकानं मागितलं तर मी नको म्हणून सांगतो, कारण वाचकानं जे निवडलं तेच त्याला मिळायला हवं.

लिंक चिकटली तर फार तर खोडावी लागते, पण याच सोयीचा वापर करून घातकी कामंही होतात. एखादा साइटवरून कमांड, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायचा लेखी हुकूम, कॉपी करून थेट टर्मिनलमध्ये (असे हुकूम द्यायच्या खिडकीत) पेस्ट करतो. त्या कमांडच्या पोटात भलतीच कमांड लपलेली असेल आणि शेवटी नवी ओळ असेल, तर एंटर दाबायच्या आधीच ती चालूही होऊ शकते. याहून वाईट प्रकार २०२४ पासून पसरलाय, त्याला क्लिकफिक्स म्हणतात. ‘मी रोबोट नाही’ असं खोटं पान येतं, बटण दाबलं की क्लिपबोर्डवर गुपचूप कमांड जाते, आणि पान सांगतं: विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. म्हणजे ती कमांड तुमच्याच हातून चालवून घेतली जाते. असं कुठलंही पान दिसलं की बंद करा. माणूस असल्याचा पुरावा देण्यासाठी हे करायला कुठलीही खरी साइट सांगत नाही.

उपाय म्हणून लोक हमखास सांगतात, ‘आधी नोटपॅडमध्ये पेस्ट कर’ किंवा ‘कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापर’. हे अर्धंच खरं आहे. यानं रंग, आकार, लिंकांची सजावट जाते. लपलेले शब्द जात नाहीत. फायदा इतकाच, की पांढरं अक्षर काळं होतं, बारीक अक्षर मोठं होतं आणि निदान दिसतं तरी. मी स्वतः ब्राउझरचा वाचन-मोड वापरतो, फायरफॉक्समध्ये आणि एजमध्ये विंडोजवर एफ-९ दाबलं की तो येतो. पानाची सजावट उतरल्यामुळे लपलेले शब्द एकतर गळून जातात किंवा उघडे पडतात. वर फायरफॉक्सच्या या मोडमध्ये पानाची स्क्रिप्ट चालत नाही, म्हणजे ती चिकटणारी लिंकही नाही.

राहिली न दिसणारी चिन्हं, आणि मराठी लिहिणाऱ्यांनी सांभाळायचं ते इथेच. वेबवरच्या मजकुरात शून्य रुंदीच्या जागा असतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण समोर असलेला शब्द शोधायला गेलं तर सापडत नाही. मग कुणीतरी ‘सगळी अदृश्य चिन्हं काढा’ अशी ऑनलाइन सोय सुचवतं. इंग्रजी मजकुराला ती बहुधा चालते, मराठीचं वाटोळं करते. ‘दुसर्‍या’, ‘सुर्‍या’ मधला आडवा र दोन प्रकारे टाइप होतो. त्यातल्या एका प्रकारात र आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असतं. ते काढलं की शब्द ‘दुसर्या’ होतो, वर रफार येऊन बसतो. वेबवर ठिकठिकाणी दिसणाऱ्या ‘दुसर्या’ आणि ‘सार्या’मागे टाइप करणाऱ्याचं अज्ञान असेलच असं नाही, अनेकदा मधल्या कुठल्यातरी सफाईत ते चिन्ह उडालेलं असतं. ‘वाङ्‌मय’ मध्ये ङ आणि म वेगळे राखायला असंच एक दुसरं चिन्ह लागतं.

तेव्हा वर्डमध्ये सफाई करायची असेल तर नेमकी करा. शोधा-आणि-बदला उघडून शोधायच्या रकान्यात कॅरेटचं चिन्ह (^), त्याला लागून इंग्रजी यू आणि इंग्रजी अंकांत ८२०३ लिहा, बदलीचा रकाना रिकामा सोडा. त्यानं शून्य रुंदीची जागा तेवढी जाईल. ८२०४ आणि ८२०५ ही मराठीला लागणारी चिन्हं आहेत, त्यांना हात लावू नका.