किल्लारीचा भूकंप ६.२ चाच होता, मग एवढी माणसं कशी गेली?

तुम्ही विचारलंय की ६.२ चे किंवा त्याहून मोठे भूकंप जगात वर्षाला शंभराच्या आसपास सहज होतात, मग १९९३ साली किल्लारीला तो एवढा भयंकर कसा ठरला, आणि मुळात दख्खनच्या दगडी पठारावर भूकंप झालाच कसा. माझं आजोळ उमरगा भागातलं, त्यामुळे ह्या विषयावर लहानपणापासून खूप ऐकलंय आणि नंतर वाचलंही.

आधी 'झालाच कसा' ते उरकतो. आपला देश ज्या खडकाच्या प्रचंड तुकड्यावर बसलाय ती भारतीय प्लेट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतेय आणि हिमालयापाशी अडतेय, त्याचा ताण फक्त तिकडेच राहत नाही, प्लेटच्या पोटात पण साठतो आणि जिथं जुना कच्चा फॉल्ट, म्हणजे खडकातली खोल भेग, असेल तिथं कधीतरी सुटतो. किल्लारीखालचा फॉल्ट कुणाला दिसला नव्हता कारण वर साधारण ३४० मीटर बेसाल्टचा थर, हे कळलं ते भूकंपानंतर बोअर मारल्यावर. त्याआधी १९९२ मध्ये किल्लारीत बरेच छोटे धक्के बसले होते, लोक घाबरलेही होते, पण मग सगळं शांत झालं, आणि भूकंप-धोक्याच्या सरकारी नकाशावर हा भाग तेव्हा झोन १ मध्ये म्हणजे सगळ्यात सुरक्षित! (२००२ च्या नकाशात झोन ३ झाला.) जवळच्या माकणीच्या तेरणा धरणातल्या पाण्यामुळे भूकंप झाला असा दोष देणारे भरपूर भेटतील, पण शास्त्रज्ञांचं त्यावर एकमत नाही आणि मलाही ते पटत नाही. कोयनेचं प्रकरण वेगळं, तिथं १९६७ च्या भूकंपाचा धरणाशी संबंध बऱ्यापैकी मान्य झालेला आहे.

आता मुख्य मुद्दा. ३० सप्टेंबरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी म्हणजे विसर्जन करून दमून लोक गाढ झोपलेले, आणि केंद्र जमिनीखाली १० किलोमीटरच्या आतच, त्यामुळे हादरा सरळ अंगावर आला. पण एवढ्यानं आठ-दहा हजार माणसं मरत नाहीत हो. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला ६.७ चा झाला, म्हणजे पाचपट जास्त ऊर्जा, वेळ पण तशीच पहाटेची साडेचारची, आणि तिथं गेले साधारण ६० जण. फरक घरांचा.

आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती. बघायला किल्ल्यासारख्या, पण आतून भिंत एक नसते, दोन असतात, बाहेरून एक दगडाची रांग, आतून एक, मध्ये बारीक दगड आणि माती भरलेली, आणि दोन्ही रांगांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाहीच. हादरा बसला की दोन्ही बाजू फुगतात आणि वेगवेगळ्या ढासळतात. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. हे माळवद उन्हाळ्यात एकदम गार, कुणी नावं ठेवावीत असं नाही, पण गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर थोडी थोडी माती टाकायची, अशी टाकत टाकत काही घरांवर दीड-दोन फूट झालेली. भिंत गेली की ते सगळं झोपलेल्या माणसावर. दगडाखाली सापडलेला निदान ओरडू तरी शकतो, इथं मातीनं नाक-तोंडच बंद झालं. आणि गरिबांच्या पाचटाच्या, कुडाच्या झोपड्या होत्या त्यातली माणसं बरीचशी वाचली, मोठ्या वाड्यातली गेली. आजी हे नेहमी सांगायची, देवानं हिशेब उलटा केला म्हणायची.

वरून पाऊस सुरू, रस्त्यांचा चिखल, सामूहिक अंत्यसंस्काराला त्याच पडलेल्या माळवदांची लाकडं वापरावी लागली.

नंतरचं म्हणाल तर ५२ गावं नव्या जागी वसवली, वर्ल्ड बँकेचं कर्ज होतं, घर किती मोठं मिळणार ते कुणाकडे किती शेतजमीन आहे त्यावर ठरलं, भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. घरं पक्की मिळाली हे कबूल केलंच पाहिजे, पण गाव शहरातल्या कॉलनीसारखं आखलं, लांबलचक रस्ते, शेत लांब, गोठ्याला जागा नाही, भावकी इकडे तिकडे फेकली गेली. आणि गंमत म्हणा की काय, स्लॅबखाली झोपायची एवढी भीती बसली होती की पक्क्या घरासमोर पत्र्याचं शेड मारून लोक कितीतरी दिवस त्यातच झोपायचे.

आता भीती पार गेलीय, ते मला जास्त खटकतं. मागच्या खेपेला गेलो तर भावकीतल्या एकानं मिळालेल्या घरावर नुसत्या विटांची खोली चढवलेली, ना कॉलम ना खिडकीवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा. म्हटलं अरे निदान पट्टा तरी टाकायचा, घराच्या खर्चात तो कितीसा असतो. तर म्हणे, "आता पुन्हा थोडाच यायलाय?" तुम्ही लातूर-धाराशिवकडे बांधणार असाल तर तो पट्टा कंत्राटदाराला स्वतः उभं राहून टाकायला लावा, भिंतीचे चारी कोपरे एकमेकांना तोच धरून ठेवतो.