लिबसी६ बळजबरीने बसवू नका

प्रश्न : ताई, नारायण पेठेत आमचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. डिझाइनच्या फायली आणि बिलं एकाच कॉम्प्युटरवर आहेत. त्यावर डेबियन १० (लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टिम). ‘अ‍ॅप्ट अपडेट’ केलं (म्हणजे पॅकेजेसची यादी ताजी केली) की ४०४ येतं, म्हणजे ‘सापडत नाही’. म्हणून पीडीएफच्या एका प्रोग्रॅमची नवी डेब फाइल (डेबियनचं पॅकेज) उतरवून ‘डीपीकेजी’ या कमांडने टाकली. तिला लिबसी६ (जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) २.३४ हवी, माझ्याकडे २.२८ आहे. आता काहीही बसवायला गेलं की ‘अनमेट डिपेंडन्सीज’, म्हणजे लागणारी पॅकेजेस नाहीत. डेबियन १२ची लिबसी६ फोर्स करून बसवू का?

उत्तर : नको, दादा. हात जोडून सांगते. काही वर्षांपूर्वी कोथरूडच्या एका क्लासच्या मशीनवर मी नेमकं हेच केलं होतं. डेबियन १०मध्ये पासवर्ड तपासायला लागणाऱ्या ‘लिबक्रिप्ट’ची फाइल लिबसी६च्याच पोटात असते, ११पासून तिचं वेगळं पॅकेज झालं. नुसती नवी लिबसी६ दामटली की जुनी फाइल जाते आणि तिच्या जागी काहीच येत नाही. सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) चालेना, पर्ल (सिस्टिमची बरीच कामं करणारी भाषा) चालेना, लॉगिन होईना. शेवटी पेनड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टिम चालवून फायली बाहेर काढल्या, तोवर उजाडलं होतं.

तुमचं इंटरनेट ठीक आहे. डेबियन १० जुलै २०१९चं. त्याचा दीर्घ आधारही (सुरक्षा-अपडेट्सची वाढीव मुदत) ३० जून २०२४ला संपला आणि पॅकेजेस आर्काइव्ह डॉट डेबियन डॉट ऑर्गवर गेली. पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या सोर्सेस डॉट लिस्ट या फाइलमधला पत्ता मात्र जुनाच राहिला, म्हणून ४०४.

सगळ्यात आधी फायली आणि बिलांचा डेटा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, आणि तिथून एखादी फाइल उघडून बघा. मग ‘अ‍ॅप्ट फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ चालवा; अर्धवट बसलेली डेब काढायची का, असं ते विचारेल, हो म्हणा. पत्ता बदलून १० पूर्ण अपडेट करा. तिथून ११, रीस्टार्ट, मग १२. मधली पायरी गाळून उडी मारायला डेबियनची परवानगी नाही. ११ला सुरक्षा-अपडेटच्या ओळीतलं नावही बदलतं, ‘बस्टर/अपडेट्स’ऐवजी ‘बुल्सआय-सिक्युरिटी’ (बस्टर म्हणजे १०, बुल्सआय म्हणजे ११). इथे बरेच जण अडकतात.

बिलाचा प्रोग्रॅम पायथन २ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतला आहे का, हे ज्यांनी लिहिला त्यांना आधी विचारा. डेबियन १२मध्ये पायथन २ नाही.

लग्नसराईत यातलं काही करू नका. आषाढात पत्रिका कमी असतात, तेव्हा दोन दिवस काढा. तोवर त्या मशीनवर मेल आणि ब्राउझर नको, पेनड्राइव्हनेच फायली न्या. आणि ‘फुल-अपग्रेड’ (सगळी पॅकेजेस नव्या आवृत्तीवर नेणारी कमांड) करताना कोणती पॅकेजेस काढणार ती यादी येते, ती सावकाश वाचा. त्यात तुमच्या डेटाबेसचं नाव दिसलं तर ‘एन’ (नाही) दाबा आणि ती यादी मला पाठवा.