लोअर परळला नोकरी, हातात 42 हजार: मुंबईत भाड्याने राहून काही शिल्लक पडेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरहून येताय, ऑफिस लोअर परळला, हातात 42 हजार पडणार, मुंबईत ओळखीचं कुणी नाही. एका मित्राने डोंबिवलीत 14 हजारांत अख्खा वन बीएचके मिळतोय असं सांगितलंय. तो घ्यावा की मुंबईतच कुठेतरी राहावं, आणि महिन्याअखेर काही उरेल का?

उरेल. फक्त पहिले दोन-तीन महिने उरणार नाही, आणि त्या दिवसांत लोक घाबरून चुकीचं घर धरतात म्हणून मी लांबलचक लिहिते आहे. मी बरीच वर्षं भाड्याच्या घरांत राहते आहे. डोंबिवली झाली, विक्रोळीचं कन्नमवार नगर झालं, आता मुलुंड.

माझं मत सरळ आहे. एकट्याने डोंबिवलीचा फ्लॅट घेऊ नका. आधी एखाद-दोन महिने पीजीत (पेइंग गेस्ट म्हणून) किंवा कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त खाटेपुरतं भाडं देऊन काढा आणि मग मुलुंड, भांडुप, कांजूर या पट्ट्यात कुणाबरोबर तरी शेअरिंगमध्ये राहा.

डोंबिवली राहायला वाईट, असं मी कधीच म्हणणार नाही. भाजी स्वस्त, डबेवाल्या काकू गल्लोगल्ली, नाटकं, वाचनालयं, दिवाळी पहाटेला फडके रोडवर लोटणारी तरुण गर्दी. कुटुंब घेऊन राहणाऱ्याला तिथे जे मिळतं ते मुंबईत त्या पैशांत मिळत नाही. पण तुम्ही एकटे आहात आणि ऑफिस लोअर परळला आहे. सकाळी साडेआठच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावर फास्ट गाडी आली की आत शिरणं हेच पहिलं काम असतं. दादरपर्यंत पाऊण-एक तास उभं राहायचं, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वेची स्लो धरायची, प्रभादेवीनंतर लोअर परळ. घरातून निघाल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत पावणेदोन तास सहज जातात, तेही गाड्या वेळेवर असतील तर. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यात माणसं गेली. त्यात रोज कामासाठी ये-जा करणारी माणसं होती. घर निवडताना हा धोकाही भाड्याइतकाच मोजायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मुलुंड-भांडुपहून तुम्हाला स्लो गाडी चालते. करी रोडला उतरायचं आणि तिथून लोअर परळची बहुतेक ऑफिसं चालत गाठता येतात. गाडीतला वेळ पाऊण तासाच्या आसपास. कुठे बदलायचं नाही, ही त्यातली सगळ्यात मोठी सोय. नव्या माणसाला ती पहिल्या पावसाळ्यात कळते.

आता पैसे. मुलुंड पूर्व किंवा भांडुपला बऱ्यापैकी वन बीएचके साधारण 25 ते 30 हजारांत बसतो. दोघांत घेतला तर तुमच्या वाट्याला साडेतेरा हजार धरा. दोन वेळचा डबा 4 हजार, चहा-नाश्ता 2 हजार, लाईट बिल, इंटरनेट आणि कामवाल्या बाई मिळून तुमच्या वाटणीचे 2 हजार. सेकंड क्लासचा पास काही शे रुपयांचाच, रिक्षासकट प्रवासाचे हजार. मोबाइल, औषधं, कपडे, लातूरच्या फेऱ्या यांना 4 हजार. झाले साडेसव्वीस हजार. उरतात 15 हजारांच्या वर. हेच डोंबिवलीत एकट्याने केलंत तर भाडं 14 हजार, पण लाईट, इंटरनेट, गॅस, बाई सगळं एकट्यावर, स्टेशनची शेअर रिक्षा रोज. मी कागदावर मांडून पाहिलं, शिल्लक 12-13 हजारांवर येते. म्हणजे भाडं जवळपास तेवढंच, खर्च जास्त, आणि रोजचा तासभर जादा.

आणि डोंबिवलीजवळच्या पालवा, खोणी वगैरे नव्या वसाहतींच्या जाहिराती दिसतील, इमारती सुंदर असतात. पण स्टेशन लांब आणि कल्याण-शीळ रस्त्याची कोंडी मध्ये. गाडी पकडून नोकरी करणाऱ्याने स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांत असलेलंच घर बघावं, मग इमारत जुनी असली तरी चालेल.

खरा फटका बसतो तो पहिल्या महिन्यात. 27 हजारांचं घर धरा. तीन महिन्यांचं डिपॉझिट 81 हजार, ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं 27 हजार, पहिलं भाडं 27 हजार. घरात पाऊल टाकण्याआधी 1 लाख 35 हजार. दोघांत वाटले तरी तुमचे साडेसदुसष्ट हजार, म्हणजे दीड पगाराच्या वर. गादी, बादल्या, पंखा अजून यायचाच आहे. केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित ठेवलं आहे. पण राज्याने तो आपल्याकडे लागू केल्याशिवाय मालकाला तो दाखवून उपयोग नाही. मुंबईत तीन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत काहीही मागतात. म्हणून आधी पीजी म्हणते आहे. खाटेचे 10 ते 14 हजार जातात, डिपॉझिट बहुधा एका महिन्याचं, आणि ऑफिसातल्या लोकांशी ओळख होईपर्यंत तुम्ही मोकळे राहता.

ती ओळख फार कामाची आहे. चांगल्या शेअरिंगच्या जागा ब्रोकरकडे जातच नाहीत. कुणाचं लग्न ठरतं, कुणाची पुण्याला बदली होते, एक जागा रिकामी होते आणि उरलेले दोघे ऑफिसच्या ग्रुपवर टाकतात. जाणाऱ्याला त्याच्या वाट्याचं डिपॉझिट द्यायचं आणि राहायला जायचं, ब्रोकरेज वाचतं. इथे एक गोष्ट कृपा करून पाळा: करारात तुमचं नाव चढवून घ्या. मैत्रीखात्यात हातात 30 हजार ठेवून राहायला गेलेल्या मुलींना पुढे मालकाने 'मी तुला ओळखत नाही' म्हटलेलं मी पाहिलं आहे. नाव चढायला वेळ असेल तर निदान मालकाला मेसेज करून त्याचं उत्तर घ्या, आणि पैसे बँकेतूनच द्या.

कराराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे नव्या माणसाची हमखास दिशाभूल होते. ब्रोकर म्हणेल, 'अकराच महिन्यांचं आहे, नोंदणी लागत नाही, नोटरी करून टाकू.' महाराष्ट्रात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मधल्या कलम 55 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. कायदा इथे आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात. 20 हजार भाडं, 1 लाख डिपॉझिट, 11 महिने, तर शुल्क होतं पावणेसहाशेच्या आसपास. शहरी भागात नोंदणी फी हजार रुपये. घरी येऊन अंगठा घेणारे एजंट त्यावर आपले पैसे लावतात, ते आधी विचारून घ्या. एवढ्याशा पैशांसाठी नोटरीवर समाधान मानू नका. गॅस, आधारचा पत्ता अशा ठिकाणी हाच कागद चालतो.

जमलं तर अकराऐवजी 33 महिन्यांचा करार मागा, वर्षाला पाच टक्के वाढ लिहून. नाहीतर दर अकरा महिन्यांनी ब्रोकर पुन्हा हात पसरतो आणि मालक बाजारभाव सांगतो. लॉक-इन (म्हणजे घर सोडता येणार नाही असा काळ) किती, नोटीस किती, जाताना रंगाचे पैसे कापणार का, हे लिहूनच घ्या. आणि दुसरी बाजूही ध्यानात असू द्या: मुदत संपल्यावर घर सोडावंच लागतं. थांबलात तर त्याच कायद्याच्या कलम 24 प्रमाणे दुप्पट भाड्याइतकी भरपाई लागू शकते. मुदत संपायच्या दोन महिने आधी बोलणी सुरू करावी.

सोसायटीचा सेक्रेटरी 'बॅचलरना देत नाही' म्हणेल. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, घर भाड्याने द्यायला सभासदाला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवायचं असतं आणि कराराची प्रत व पोलिसांना दिलेली माहिती जमा करायची असते. हे खरं असलं तरी मालक सेक्रेटरीशी भांडायला तयार नसेल तर ते घर सोडून द्या, वर्षभर जिन्यात तोंड चुकवत राहणं नको. फोनवर आडनाव विचारून 'जागा गेली' म्हणणारेही भेटतील. मला त्याचा आजही संताप येतो, पण दोष आपला नसतो, तेव्हा मनाला लावून न घेता पुढचा फोन करा.

घर बघायला जाल तेव्हा बाथरूमला लागून असलेल्या खोलीची भिंत हाताने दाबून ओल आहे का ते बघा, नवा रंग असेल तर जास्तच. पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं ते मालकाला नाही, वॉचमनला किंवा शेजारच्या मावशींना विचारा. लाईट बिलाची मागची थकबाकी नाही ना, ते बघा. गॅसचं अडलं तर पाच किलोची छोटी टाकी नुसत्या ओळखपत्रावर मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीची, चिंता तूर्त सोडा. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, त्यामुळे तुमच्या पगारात भाड्याच्या पावत्यांनी फरक पडणार नाही.

येताना निदान 50 हजार वेगळे ठेवून या, घरून उसने घ्यावे लागले तरी. पहिला पगार हातात पडेपर्यंत पीजी, डबा आणि पास त्यातून निभतो. डिपॉझिटसाठी वैयक्तिक कर्ज काढू नका. हप्ता सुरू झाला की वरची 15 हजारांची शिल्लक दिसणारच नाही. जॉइनिंग कधी आहे आणि डबा शाकाहारी हवा की कसा ते कळवा, मुलुंड पूर्वेला मी स्वतः ज्यांच्याकडे जेवले आहे अशा दोन-तीन काकूंना विचारून ठेवते.