नैराश्यावरची गोळी सुरू करायची भीती वाटते. पहिले दिवस कसे जातात?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम 5 मिलिग्रॅम लिहून देऊन चार दिवस झाले. पाकीट उशाशी आहे, रोज हातात घेता आणि परत ठेवून देता. आतलं माहितीपत्रक वाचल्यापासून धीरच होत नाही. सवय लागेल का, किती दिवस घ्यावी लागेल, हेही विचारलंय. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारावं तसं: ‘गोळी घेतल्यावर मी मीच राहीन ना?’ त्या एका ओळीमुळे मी लिहायला बसले.

मी डॉक्टर नाही. या दुखण्यातून गेलेली रुग्ण आहे, आणि एकदा चुकलेलीही. पहिल्यांदा मला सर्ट्रालिन दिलं होतं. नवव्या दिवशी मी ते कुणालाही न विचारता बंद केलं. मळमळ होत होती, झोप उडाली होती आणि मन होतं तिथेच होतं. घरी सांगितलं, ‘मला नाही मानवत.’ पुढचे पाच महिने औषधाशिवाय काढले. त्यातले शेवटचे दोन आठवायला अजून जड जातं. पुन्हा गेले तेव्हा दुसऱ्या डॉक्टर होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘नऊ दिवसांत या औषधाचा त्रास कळतो, गुण कळत नाही. तुम्ही अर्धंच बघितलंत.’

हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं, म्हणून तुम्हाला सांगते. त्रास आधी येतो, गुण मागाहून येतो. मधल्या दोन-तीन आठवड्यांत ज्याला हे ठाऊक नसतं, त्याला वाटतं की औषधाने आपलं आणखीच वाटोळं केलं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन ही एकाच घराण्यातली औषधं. मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन नावाचं निरोप पोचवणारं रसायन परत शोषून घेतात, त्याला ती आडकाठी करतात, आणि हे काम पहिल्या गोळीनंतर काही तासांतच सुरू होतं. पण त्या बदलाला सरावायला पेशींना काही आठवडे लागतात, आणि उशिरा येणारा गुण याच सरावण्याशी जोडला जातो. शिवाय शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन मेंदूत नसतंच, ते आतड्यात असतं. म्हणून पहिली तक्रार पोट करतं. हे कळल्यावर माझी मळमळ कमी झाली नाही, पण तिची धास्ती गेली.

आता त्या माहितीपत्रकाबद्दल. त्यात दुष्परिणाम गटागटाने दिलेले असतात आणि प्रत्येक गटाचा अर्थ ठरलेला असतो. ‘अतिशय सामान्य’ म्हणजे दहा जणांत एकाहून जास्त लोकांना होणारे. ‘दुर्मीळ’ म्हणजे हजारांत एकाहूनही कमी, आणि ‘अतिदुर्मीळ’ म्हणजे दहा हजारांत एकाहूनही कमी. पण छापलेलं सगळं एकाच बारीक टाइपात असतं आणि घाबरलेलं मन प्रत्येक ओळीला सारखंच वजन देतं. मी तर यादी शेवटाकडून वाचत होते, कारण भयंकर नावं तिथे होती.

याहून महत्त्वाचं एक सांगते. त्या यादीतल्या कितीतरी गोष्टी तुम्हाला आत्ताच होत असतील. झोपमोड, डोकेदुखी, भूक मरणं, थकवा, हे सगळं आजारही करतो. औषधांच्या चाचण्यांमध्ये ज्यांना नुसती नकली गोळी दिलेली असते, त्यांच्यातही मळमळ आणि डोकेदुखी सांगणारे असतातच. म्हणजे लोक खोटं बोलतात असं नाही, कशामुळे काय होतंय हे आतून ओळखणं खरंच कठीण असतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी मला गोळी सुरू करायच्या आधी दोन दिवस फक्त लिहायला लावलं: ‘पहाटे तीनला जाग. जेवणावर वासना नाही. सकाळी हाताला थरथर.’ पुढे पाचव्या दिवशी हात थरथरला तेव्हा मी घाबरून वही उघडली, तर ती थरथर गोळीच्या आधीपासूनची निघाली. तुमची चार दिवस गोळी राहिलीच आहे, तर आज तेवढी एक नोंद करून ठेवा. नंतर फार कामाला येते.

त्या वहीतले पहिले दिवस मोकळेपणाने सांगते, पण तुमचे असेच जातील असं धरू नका. काहींना काहीच होत नाही. मला पहिल्या दिवशी काही झालं नाही, आणि मी दिवसभर काही होतंय का याचीच चाहूल घेत बसले, त्यानेच दमले. दुसऱ्या दिवसापासून मळमळ आणि जांभया. जांभया इतक्या, की समोरच्याला वाटावं मला त्याचा कंटाळा आलाय. त्या औषधाच्या आहेत हे नंतर कळलं. रात्री दात आवळले जायचे. चौथ्या दिवशी मात्र आतून एक तगमग सुरू झाली, एका जागी बसवेना, छाती धडधडायला लागली. जिच्यावर औषध घ्यायचं तीच काळजी दुप्पट झाली. पहिल्या वेळी मी इथेच हरले होते. या खेपेला दवाखान्यात फोन केला. त्यांनी काय होतंय ते नीट विचारून घेतलं. सुरुवातीला काही जणांची बेचैनी थोडे दिवस वाढते, म्हणूनच कमी मात्रेपासून सुरुवात करतात, असं त्यांनी समजावलं आणि वेळ रात्रीऐवजी सकाळची, खाण्यानंतरची करून दिली. नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत मळमळ गेली. जांभया आणखी थोडे दिवस राहिल्या.

तिसरा आठवडा मला सगळ्यात कठीण गेला, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. त्रास संपलेला असतो, गुण आलेला नसतो. वाटतं, म्हणजे हेही औषध गेलं. त्या दिवसांत माझ्या वहीत एकच शब्द आहे: ‘तसंच.’ सलग सहा दिवस ‘तसंच.’ मग चोविसाव्या दिवशी संध्याकाळी लक्षात आलं की मी एका लेखाची चार पानं सलग वाचली, मागे न फिरता. कितीतरी महिने मी प्रत्येक परिच्छेद तीन-तीनदा वाचत होते. आनंद वगैरे काही नव्हता, नुसतं वाचता येत होतं. मन हलकं वाटायला आणखी दोन आठवडे गेले. डॉक्टरही साधारण चार ते सहा आठवडे पुरेशी मात्रा घेतल्यावरच औषध लागू पडलं की नाही ते ठरवतात. आणि नाहीच पडलं तर तो तुमचा पराभव नाही. अमेरिकेत सुमारे 4,000 रुग्णांना घेऊन स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात पहिल्या औषधाने लक्षणं पूर्ण ओसरली अशांचं प्रमाण तिघांत एक, एवढंच होतं. बाकीच्यांसाठी मात्रा बदलणं, औषध बदलणं, जोडीला समुपदेशन असे पुढचे रस्ते होतेच.

आता जे लिहिते ते कृपा करून दोनदा वाचा. सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा मात्रा बदलताना काही जणांच्या मनात, विशेषतः तरुण वयात, आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2004 मध्ये मुलांसाठी आणि किशोरांसाठी हा ठळक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात आणला आणि 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठीही लावला. तुम्ही वय लिहिलेलं नाही. कितीही असलं तरी असा विचार आला, वाढला, किंवा तगमग सहन होईनाशी झाली, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, ते भेटले नाहीत तर जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं, आणि एकटं राहायचं नाही. याउलट, अचानक झोपेची गरजच वाटेनाशी झाली, विचार पळायला लागले, वारेमाप खर्च किंवा बोलणं सुरू झालं, तर तेही लगेच कळवायचं. ते बरं वाटणं नसतं. ज्यांचं नैराश्य द्विध्रुवीय (बायपोलर) आजाराचा, म्हणजे मन कधी फार खाली तर कधी अति वर जाण्याचा, भाग असतं, त्यांच्यात अशा औषधाने मन दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं. पूर्वी कधी तुमचं किंवा घरात कुणाचं असं झालं असेल तर आताच सांगून टाका. खूप ताप, अंग ताठरणं, झटके, भ्रम असं एकदम दिसलं तर तीही तातडीची वेळ.

मी माझ्या बहिणीला पहिल्याच दिवशी हे सगळं वाचून दाखवलं होतं आणि सांगितलं होतं, ‘माझ्या वागण्यात काही वेगळं दिसलं तर मला विचारत बसू नकोस, थेट फोन कर.’ स्वतःला हे बदल सगळ्यात उशिरा कळतात. तुमच्या जवळचं, ज्याच्यावर भरवसा आहे असं एक माणूस निवडा. सगळ्यांना सांगायची गरज नाही.

डॉक्टरांना तुमची बाकीची औषधंही सांगितलीत का? अर्धशिशीची, वेदनाशामकं, विशेषतः ट्रॅमाडॉल, रक्त पातळ करणारी, झोपेची, आणि ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेली सुद्धा. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती नैसर्गिकच आहे, पण या गोळीबरोबर ती धोक्याची ठरू शकते. दारूचंही खरं सांगा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मी मीच राहीन का?

मला विचाराल तर त्या पाच महिन्यांत मी मी नव्हते. ज्या माणसांशिवाय मला करमत नाही त्यांचे फोन मी वाजत ठेवायचे. गोळीने मला नवीन स्वभाव दिला नाही, फोन उचलायची ताकद तेवढी परत दिली. पण तुमची भीती अगदीच पोकळ नाही, हेही कबूल करते. माझी मात्रा वाढवून 15 मिलिग्रॅम केली तेव्हा काही आठवड्यांनी सगळं सपाट झालं. दुःख नाही, तसा आनंदही नाही. मावशी गेली आणि मला रडू आलं नाही. मी तिच्या उशाशी बसून होते आणि डोळे कोरडे होते. ते मला फार लागलं. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी मात्रा परत 10 वर आणली. महिन्याभराने तिची जुनी पत्रं चाळताना मी हमसून रडले, आणि त्या रडण्याचं मला किती बरं वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. असा सपाटपणा आला तर तो नशीब म्हणून सोसू नका. तो सांगायचा असतो आणि त्यावर उपाय असतो.

तसंच शरीरसंबंधांबद्दल. इच्छा कमी होणं, समाधानापर्यंत पोचायला फार वेळ लागणं, हे या औषधांत बऱ्याच जणांना होतं. काही थोड्यांच्या बाबतीत औषध थांबवल्यावरही ते रेंगाळल्याच्या नोंदी आहेत. मी संकोचापायी तीन भेटी गप्प बसले आणि जोडीदाराला वाटत राहिलं की काहीतरी त्याचंच चुकतंय. तुम्ही गप्प बसू नका. तिथे हा विषय रोजचा आहे.

सवयीचं म्हणाल तर नशेच्या पदार्थासारखी तलफ येत नाही, तोच परिणाम मिळवायला मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. पण शरीर तिला सरावतं, म्हणून एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं आणि डोक्यात वीज चमकून गेल्यासारखे झटके येऊ शकतात. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर ती चालू ठेवतात, नाहीतर आजार उलटायची शक्यता वाढते. पूर्वी तो येऊन गेला असेल तर आणखी जास्त काळ. माझी बंद करताना पायरीपायरीने कमी केली. शेवटच्या पायरीला ते झटके आले, तेव्हा एक पायरी मागे गेले आणि आणखी सावकाश उतरले. एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

तुम्हाला 5 मिलिग्रॅम दिलंय, म्हणजे डॉक्टरांनी सावकाश सुरुवात धरली आहे. उद्या दवाखान्यात फोन करून सांगा की चार दिवस झाले, अजून सुरू केलेली नाही, आणि भीती नेमकी कशाची वाटते तेही सांगा. सकाळी घ्यायची की रात्री, ते तिथेच विचारा. पुढची भेट दोन आठवड्यांच्या आतली मिळते का बघा. फोनवर बोलणं जमणार नसेल तर कागदावर लिहून वाचून दाखवा. मीही तसंच केलं होतं, आवाज कापत होता, तरी पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं.